दिवसा तीन, रात्री दहा

आमच्या कंपनीत पगार सात तारखेला होतो आणि माझ्या घराचा हप्ता पाच तारखेला कापला जायचा. बस, दोन दिवसांचं अंतर. हे दोन दिवस भरून काढायला मी जे जे उद्योग केले त्यातून बाहेर यायला मला अडीच वर्षं लागली, आणि अजून थोडं बाकी आहे. लिहायचं की नाही हा विचार बरेच महिने चालू होता, बायको म्हणाली लिही, पण खरं लिही, स्वतःला बिचारा करून लिहू नकोस. म्हणून प्रयत्न करतोय.

मी कळव्यात राहतो, रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला आहे. म्हणजे रोज कळवा-ठाणे, ठाण्याला पूल चढून नऊ-दहा नंबरवरून ट्रान्सहार्बर, ऐरोली, रबाळे. घर २०१८ ला घेतलं, जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके, छत्तीस लाखाचं. चोवीस लाख बँकेचं लोन, उरलेले बारा बाबांचे. बाबा वागळे इस्टेटमधल्या कंपनीत होते, तिथून निघताना जे काही पीएफ-ग्रॅच्युइटी मिळालं ते सगळं त्यांनी या घरात घातलं. हप्ता २०,८२८, वीस वर्षं. तेव्हा माझा पगार बत्तीस हजार होता आणि बायको एका बालवाडीत शिकवायची, तिचे आठ. ओढूनताणून होत होतं. सगळ्यांचंच तसंच होतं की, आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत हप्ते चालू होते.

मग २०२०. पगार चाळीस टक्के कापला. मार्च ते ऑगस्ट आरबीआयने मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, दिलं होतं ते आम्ही सहाही महिने घेतलं, आणि मला खरंच वाटत होतं की सरकारने हप्ते माफ केलेत. व्याज चालूच होतं आणि ते मुद्दलात जाऊन बसत होतं हे मला दीड वर्षाने स्टेटमेंट बघून कळलं. पीएफचा कोविड अॅडव्हान्स निघत होता तोही काढला. मग २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला, अकरा दिवस हॉस्पिटल, दोन लाख नव्वद हजार बिल, मेडिक्लेमवाल्यांनी हे बसत नाही ते बसत नाही करत एक लाख दहा हजार दिले. बाबा वाचले, ते सगळ्यात महत्त्वाचं. पण वरचे एक लाख ऐंशी मी क्रेडिट कार्ड आणि इकडून तिकडून भरले, आणि ऑगस्टमध्ये तीन लाखांचं पर्सनल लोन काढलं, सोळा टक्क्यांनी, चार वर्षं, हप्ता ८,५०२.

इथे एक कबुली. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला आणि मनातल्या मनात इतरांना हेच सांगत होतो की बाबांच्या आजारपणामुळे मी अडकलो. हिशोब केला तर हॉस्पिटलचे एक लाख ऐंशी. पर्सनल लोन तीन लाख. मग वरचे एक लाख वीस कुठे गेले? सेहेचाळीस हजारांचा फोन माझा. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला हॉल घेतला अडतीस हजारांचा, कारण आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये झाला नव्हता. सासुरवाडीला लग्न, त्यात आहेर, कपडे, गाडी. हे सगळं बाबांच्या नावावर खपवत होतो.

क्रेडिट कार्डाचं सांगतो कारण ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू. मी मिनिमम भरायचो आणि वाटायचं की आपण वेळेवर भरतोय, शिस्तीत आहोत. माझ्या मोठ्या कार्डावर १,३८,००० होते, मिनिमम साधारण पाच टक्के, म्हणजे ६,९००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ४,८३०, त्यावर अठरा टक्के जीएसटी ८६९. म्हणजे ६,९०० मधले ५,६९९ नुसते व्याजातच गेले आणि मुद्दल कमी झालं बाराशे रुपयांनी. आणि एकदा बाकी पुढे ढकलायला लागलात की नवीन खरेदीला जी पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत असते तीही जाते, त्या कार्डावर घेतलेल्या साध्या डाळ-तांदळावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. मी तर कार्डातून एटीएमवर कॅशसुद्धा काढली आहे, हप्ता भरायला. हसू नका.

आता ते दोन दिवस. २०२२ च्या दिवाळीनंतर असं व्हायला लागलं की पाच तारखेला खात्यात वीस हजार आठशे नसायचेच. हप्ता बाऊन्स झाला की बँकेचे ५९० रुपये, वर हप्ता थकला म्हणून दंड वेगळा. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. मग एका सहकाऱ्याने (त्याचा हेतू चांगलाच होता) एक लोन अॅप दाखवलं. पाच मिनिटांत पैसे. पहिल्यांदा आठ हजार घेतले, सात तारखेला पगारातून परत केले, दोनेकशे रुपये जास्त गेले. म्हटलं हे बरंय, बाऊन्सपेक्षा स्वस्त. पुढच्या महिन्यात परत. मग दुसरं अॅप, मग तिसरं. तिसऱ्यात दहा हजार मंजूर झाले, हातात आले सहा हजार आठशे, बाकी प्रोसेसिंग फी की काय म्हणून आधीच कापले, आणि सात दिवसांत परत करायचे दहा हजार. मी तेव्हा ते गणित केलंच नाही. पाच तारीख टळली ना, मग झालं.

मार्च २०२३ मध्ये माझी स्थिती अशी होती की पगार हातात ४१,५०० आणि हप्ते ४५,५८०. बायकोच्या अकरा हजारांत घर चालायचं, पाच माणसं. आणि तिला यातलं फक्त घराचा हप्ता आणि पर्सनल लोन माहीत होतं.

त्या दिवसांत कसं वाटायचं ते सांगणं कठीण आहे. फोन कायम सायलेंटवर. अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा. कळव्याचे बरेच जण सकाळी कारशेडमधून येणाऱ्या गाडीत बसतात, मीही बसायचो, आणि खिडकी मिळाली तरी डोळे मिटून तारखा मोजत असायचो, दोनला पर्सनल लोन, पाचला घर, दहाला भिशी, अठराला कार्ड, तेवीसला दुसरं कार्ड. आठवड्याचे वार मला आठवायचे नाहीत, तारखा आठवायच्या. नोकरी सोडता येत नव्हती, आजारी पडता येत नव्हतं, बॉस काहीही बोलला तरी ऐकून घ्यायचं कारण एक पगार चुकला तर सगळं कोसळणार. मुलगी शाळेतून सहलीचा कागद घेऊन आली की मला तिचाच राग यायचा. सहा वर्षांच्या पोरीचा!

आणि एकूण देणं किती हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. दिवसा वाटायचं तीन-साडेतीन लाख असेल, होईल काहीतरी. रात्री दोन वाजता जाग आली की दहा वाटायचे. बेरीज करायला बसलो की चौथ्या आकड्याला मी उठायचो, पाणी प्यायचो, फोन बघायचो. एकदा रात्री ठाण्याहून चालत येताना खाडीच्या पुलावर बराच वेळ थांबलो होतो. काही केलं नाही, करायचं होतं का तेही नीट सांगता येणार नाही, पण थांबलो होतो हे खरं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मला पुढे माहीत झाला, तेव्हा माहीत असता तर लावला असता की नाही कोण जाणे, पण लिहून ठेवतो.

फेब्रुवारीत दुसऱ्या कार्डाचा एक हप्ता चुकला होता तेव्हा रिकव्हरीचा एक पोरगा घरी आला. मी कामावर. बाबांना वाटलं इन्शुरन्सचा माणूस आहे, त्यांनी त्याला बसवलं, चहा पाजला, कुठला गाव वगैरे विचारलं. तो पण बिचारा काही बोलला नाही, नुसतं 'साहेबांना फोन करायला सांगा' म्हणून कागद ठेवून गेला. संध्याकाळी बाबा मला म्हणतात, चांगला मुलगा होता रे, पॉलिसी घेऊन टाक एखादी. मी जेवलो नाही त्या दिवशी, पोट बिघडलंय म्हटलं.

फुटलं ते मार्चच्या शेवटी. अॅपवाल्यांनी माझ्या फोनमधले कॉन्टॅक्ट उचलले होते आणि त्यातल्या लोकांना फोन करायला सुरुवात केली. पहिला लागला माझ्या मेव्हण्याला. 'तुमचे रिलेटिव्ह फ्रॉड आहेत, तुमचं नाव गॅरंटर म्हणून दिलंय', असं काहीतरी. त्याच मेव्हण्याचे माझ्याकडे पन्नास हजार होते, तेही बायकोला माहीत नव्हते. त्याने बहिणीला फोन केला.

मी घरी आलो तर ती ओट्यापाशी उभी, आई-बाबा खाली देवळात गेलेले. घरात सगळ्यांसमोर ती मला अहो म्हणते. त्या दिवशी म्हणाली,

"एकूण किती आहेत रे?"

अहोवरून अरेवर आली म्हणजे काय ते मला कळलं.

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही की माहीत नाही?"

"माहीत नाही."

ती रडली वगैरे नाही. गॅस बंद केला आणि म्हणाली, मग आधी ते बघू. मी तीन वर्षं ज्याला घाबरत होतो ती गोष्ट एका वाक्यात झाली, आणि मला काय वाटलं असेल? झोप आली. खरंच, त्या रात्री मी नऊ तास झोपलो. ती मात्र जागी होती असं सकाळी तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

माझी चुलत वहिनी लोकमान्य नगरला राहते, एका पतसंस्थेत वीस वर्षं कर्जखातं सांभाळते. रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. मला वाटलं होतं लेक्चर मिळेल. तिने पोहे दिले, मुलाची जुनी वही काढली, अर्धी कोरी होती, आणि म्हणाली, "भावोजी, आता कारणं सांगायची नाहीत. फक्त नाव, बाकी किती, व्याज किती, तारीख कोणती. घराचं लोन वेगळ्या पानावर."

पर्सनल लोनचे उरलेले १,९७,०००. मोठं कार्ड १,३८,०००. छोटं कार्ड ८४,०००. फ्रिजचे सहा हप्ते, १२,९००. तीन अॅपचे मिळून ३८,०००. ऑफिसातल्या मित्राचे ४०,०००. मेव्हण्याचे ५०,०००. भिशी मी दुसऱ्याच महिन्यात उचलली होती, त्याचे नऊ महिने राहिलेले, २७,०००. वहिनीने कॅल्क्युलेटर न घेता बेरीज केली. ५,८६,९००.

तीनही नव्हते आणि दहाही नव्हते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," वहिनी म्हणाली, "तुमची तर सहा लाखांना टेकलेली निघाली." आणि बायको हसली. मला तेव्हा राग आला होता पण आता वाटतं ते हसणं नसतं तर आम्ही दोघं तिथून रिक्षात न बोलता गेलो असतो.

मग तिने तिथेच सिबिलचा रिपोर्ट काढायला लावला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीकडून), हे मला माहीत नव्हतं, मी एकदा कुठल्यातरी साईटला त्याचे पैसे भरले होते. स्कोअर ६११. नऊशेपैकी. आणि खाली एक तिसरंच कार्ड! २०१९ ला मॉलमध्ये एका पोराने दिलेलं, मी कधी वापरलंच नव्हतं, कापून टाकलं होतं कात्रीने. पण कापलं म्हणजे बंद होत नाही, वर्षाची फी लागत होती, फीवर लेट फी, लेट फीवर व्याज, ३,४०० झाले होते आणि थकबाकीदार म्हणून माझं नाव तिथे पण. ते पहिलं भरून टाकलं आणि कार्ड बंद केल्याचं पत्र लेखी मागून घेतलं.

वहिनीचं म्हणणं साधं होतं. ज्याचं व्याज जास्त ते आधी मारायचं, माणसांचे पैसे बुडवायचे नाहीत पण माणसं थांबतात, कार्ड थांबत नाही. अॅप आणि छोटं कार्ड लगेच. कशातून? तिने बायकोकडे बघितलं नाही, वहीकडे बघत म्हणाली, सोनं आहे का?

मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. बायको म्हणाली, आहे.

ज्या बँकेत गेलो तिथला सोनार मूल्यांकन करायला बसला होता. मंगळसूत्र आणि दोन बांगड्या. त्याने घासून बघितलं, वजन केलं आणि मग काळ्या मण्यांचं वजन अंदाजाने वजा केलं. बायकोने विचारलं, का वजा? तो म्हणाला, मॅडम, मणी काचेचे, त्याला किंमत नसते. ती एवढंच म्हणाली, "मंगळसूत्रात मण्यांनाच किंमत असते." त्याने मान हलवली आणि ३४ ग्रॅम लिहिलं. ग्रॅमला साधारण चार हजार, कारण किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वर देत नव्हते. १,३५,००० मिळाले, नऊ टक्के व्याज, वर्षाची मुदत. नऊ टक्के! मी कार्डावर बेचाळीस टक्क्यांनी भरत होतो आणि सोनं कपाटात होतं. पण ते काढायला आधी तोंड उघडावं लागलं असतं ना.

छोटं कार्ड, तीन अॅप, फ्रिज, एका आठवड्यात संपलं. छोटं कार्ड भरायच्या आधी रिकव्हरीवाल्याचा फोन आला होता की ८४ चे ४५ मध्ये सेटल करून देतो, आजच्या आज भरा. एकोणचाळीस हजार वाचतायत म्हणून मी पाघळलो होतो. वहिनी म्हणाली रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' येईल आणि पुढे कित्येक वर्षं प्रत्येक बँक ते बघेल, ज्याच्याकडे दुसरा मार्गच नाही त्याने करावं, तुमच्याकडे आहे. आणि केलंच तर फोनवरच्या शब्दावर नाही, बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. मी पूर्ण भरले. बरोबर केलं का? अजूनही कधीकधी ते एकोणचाळीस हजार आठवतात.

मोठ्या कार्डाचा सुदैवाने एकही हप्ता चुकलेला नव्हता, त्यामुळे त्यांनी १,३८,००० चे छत्तीस हप्ते करून दिले, अठरा टक्क्यांनी, महिना ४,९८९ आणि व्याजावरचा जीएसटी. मिनिमम ड्यूपेक्षा दोन हजार कमी आणि तीन वर्षांत संपणार. यासाठी कस्टमर केअरला चार वेळा फोन केला, तीन वेळा 'असं होत नाही' ऐकलं, चौथ्या मुलीने दहा मिनिटांत केलं. म्हणजे विचारत राहायचं.

अॅपवाल्यांचं प्रकरण पैसे भरूनही थांबलं नाही, एकाने भरल्यावरही अजून चार हजार दाखवले. तेव्हा कळलं की आरबीआयच्या सप्टेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे लोन अॅपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो बघायचीच परवानगी नाही. स्क्रीनशॉट, पेमेंटच्या पावत्या, कॉलची वेळ सगळं एका फोल्डरमध्ये घातलं, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. ज्यांना ज्यांना फोन गेले असतील अशा चाळीसेक लोकांना मी स्वतःच मेसेज केला की माझ्याबद्दल असा फोन येईल, मी कर्ज घेतलं होतं, फेडलंय, घाबरू नका, ब्लॉक करा. हा मेसेज पाठवायला मला दोन तास लागले. त्यातल्या नऊ जणांचा उलट फोन आला, आणि त्यातल्या तिघांनी आवाज खाली करून विचारलं, तू कसं केलंस सांग ना, मी पण अडकलोय. आमच्या ऑफिसातलाच एक होता त्यात, नवीन बुलेट घेतलेला.

पर्सनल लोनवाल्या बँकेचे लोक सकाळी सात-दहाला आणि रात्री साडेनऊला फोन करायचे. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, हा आरबीआयचा नियम आहे. मी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला मेल केला, तारीख-वेळेसकट, आणि खाली लिहिलं की तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या आरबीआयच्या अधिकाऱ्याकडे, जाईन. तिथे जायची वेळच आली नाही, अकरा दिवसांत फोन बंद. तोपर्यंत मी त्या फोनना 'हो सर, करतो सर' म्हणत होतो. अर्थात देणं आहे ते आहेच, नियम आहेत म्हणून हप्ता माफ होत नाही, आणि चेक किंवा ऑटो डेबिट बाऊन्स झालं तर केस होऊ शकते तेही खरं. पण रात्री साडेनऊला शिव्या खायच्या हे काही अॅग्रीमेंटमध्ये नव्हतं.

आणि ते दोन दिवस! वहिनीने सहज विचारलं, हप्त्याची तारीख बदलून का घेत नाही? मी म्हटलं, बदलता येते? ब्रँचला गेलो, एक अर्ज, ऑटो डेबिटच्या नवीन मॅंडेटवर एक सही, पाचची दहा तारीख झाली. वीस मिनिटं. पार्किंग शोधायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी बाहेर येऊन बाईकवर नुसता बसून राहिलो. ज्या पाच तारखेसाठी मी अॅप घेतले, खोटं बोललो, पुलावर थांबलो, ती पाच तारीख एका अर्जाची होती. त्याच फेरीत हेही कळलं की आरबीआयचा रेपो रेट, ज्यावर आमच्या लोनचं व्याज ठरतं, चारवरून साडेसहावर गेला तेव्हा बँकेने माझा हप्ता वाढवला नव्हता, मुदत वाढवली होती, २०३८ ला संपणारं लोन आता २०४१ पर्यंत गेलेलं. थोडी फी भरून रेट अर्धा टक्का कमी करून घेतला.

पुढची अडीच वर्षं सांगण्यासारखं फार काही नाही. रविवारी वाशीच्या एपीएमसीत एका मसाल्याच्या व्यापाऱ्याची बिलं आणि ई-वे बिलं करायला जायचो, पाच हजार. बाजार बंद असतो, गाळ्यात शांतता आणि मिरचीची धूळ, दिवसभर शिंका. सोमवारी ऑफिसात सगळे म्हणायचे सर्दी झाली का. डिसेंबर २०२३ ला भिशी संपली, ते तीन हजार तसेच सोन्याच्या मुद्दलात. मित्राला महिना दोन हजार, वीस महिने, एकदाही चुकलो नाही, तरी आमची मैत्री पहिल्यासारखी राहिली नाही, डबा वेगळा खातो तो आता. दुसऱ्या वर्षी दिवाळीचा बोनस आला तो कुणी बघितलाच नाही, थेट बँकेत. बायकोशी भांडणं पुष्कळ झाली, पहिल्या वर्षी तर ती माझा फोन रोज रात्री मागून घ्यायची आणि मेसेज वाचायची. अपमान वाटायचा. पण मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो?

बाबांना शेवटी मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, माझ्या हॉस्पिटलमुळे का? मी वही दाखवली, त्यात ते एक लाख ऐंशी वेगळं लिहिलेलं होतं. त्यांनी बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, हा हॉल अडतीस हजारांचा होता? मी म्हटलं, हो. जेवण तरी काय बकवास होतं, म्हणाले. ईपीएसची त्यांची पेन्शन येते एकोणीसशे रुपये, त्यातले हजार ते तेव्हापासून दर महिन्याला फ्रिजवर ठेवतात. नको म्हटलं तर ऐकत नाहीत.

ऑगस्ट २०२५ ला पर्सनल लोन संपलं. कार्डाचे हप्ते एप्रिल २०२६ पर्यंत आहेत. मेव्हण्याचे पन्नास अजून द्यायचेत, तो मागत नाही, त्यामुळे जास्तच टोचतं.

सोनं मात्र नोव्हेंबरमध्ये सोडवलं. मधल्या काळात एकदा मुदत संपली होती आणि एकदा वाढवून घ्यावी लागली होती. आम्ही दोघं गेलो, शेवटचे सतरा हजार भरले, लॉकरमधून सील केलेली पिशवी आली. बायको म्हणाली वजन करा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम सील तसंच आहे. ती म्हणाली, करा. त्याने केलं, मण्यांसकट. तिने तेव्हाचा कागद पर्समधून काढला, जुळवून बघितलं आणि म्हणाली, परत एकदा करा. त्याने परत केलं. मागे लाईन लागलेली, मी आपला छताकडे बघतोय.

सही करताना तो मुलगा म्हणाला, "मॅडम, भाव लाखाच्या वर गेलाय. याच सोन्यावर आता डबलच्या वर मिळतील, अर्ध्या तासात करून देतो."

तिने पिशवी डब्यात घातली, डबा कापडी पिशवीत, आणि मला म्हणाली, "अहो, चला."